खिळ्यांपासून युनिकोडपर्यंत

शिशाचे खिळे एकेक करून जुळविणारा कंपोझिटर ज्याचा कणा होता, तो छापखाना विसाव्या शतकाच्या अखेरीस संगणकाने पाहता पाहता इतिहासजमा केला. परंतु या स्थित्यंतरातील खरी अडचण (आणि मौजही) निराळीच होती. आरंभीच्या मराठी फॉन्टांत ज्याने त्याने अक्षरांना आपापले सांकेतिक क्रमांक दिल्यामुळे, एका संगणकावर सुवाच्य असलेला मजकूर दुसऱ्यावर निरर्थक चिन्हांचा ढीग होई, आणि तेव्हा जुळविलेली कित्येक पाने आजही शोधयंत्रांस अदृश्य आहेत. प्रत्येक अक्षरास सर्वत्र एकच क्रमांक देणाऱ्या युनिकोड या प्रमाणाच्या १९९१ सालच्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरीस स्थान मिळाले खरे, तथापि आपल्या प्रकाशकांच्या दफ्तरी ते रुजू व्हावयास बराच काळ लोटला. आता मागणीबरहुकूम छपाईमुळे मोजक्या प्रतींचे पुस्तकही काढता येते, आणि १९०९ साली का. र. मित्रांच्या 'मनोरंजन' मासिकाने ज्यांची प्रथा पाडली ते दिवाळी अंक ई-अंकांच्या रूपाने अमेरिकेतील मराठी वाचकास टपालाची प्रतीक्षा न करता मिळू शकतात. वृत्तपत्रांचा जमाखर्च मात्र बिकट झाला आहे. कारण कागद-छपाईची तूट भरून काढणारा जाहिरातींचा वसूल गूगल-फेसबुकांकडे वळला असून, फुकट बातमीस सरावलेला वाचक वर्गणीचा तगादा सहजासहजी मानीत नाही.