चिखलातील चाक आणि डिफरन्शियलचे कुलूप

पावसाळ्यात काळ्या रानात रुतलेली जीप आपण पाहिली असेल. फोर-व्हील घातलेले असूनही पुढचे एक व मागचे एक चाक गरगर फिरते आणि उरलेली दोन जागची हलत नाहीत. असे का व्हावे?

वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा जास्त अंतर कापावे लागते. त्यासाठी एक्सलच्या मध्यावर डिफरन्शियल असते. ते दोन्ही चाकांना सारखाच जोर वाटते. चिखलातले चाक फिरायला थोडाच जोर पुरतो. म्हणून घट्ट जमिनीवरच्या चाकालाही तेवढाच मिळतो. लॉकर बसवला, की दोन्ही चाके एका दांड्यात ओवल्यासारखी बरोबर फिरतात.

बसवण्याचे काम मात्र नाजूक. तेल काढून, दोन्ही एक्सल बाहेर ओढून डिफरन्शियल उतरवतात. बेअरिंगच्या टोप्यांवर आधी खुणा करतात, कारण त्यांची अदलाबदल चालत नाही. जुना क्राउन नव्या लॉकरवर आवळतात. मग पातळ शिमा घालून क्राउन-पिनियनच्या दातांमधील फट जुळवतात. ती असते मिलिमीटरच्या एक-दोन दशांशांएवढी! कमी झाली तर दात तापून झिजतात, जास्त झाली तर दणक्याने तुटतात. लॉकर हवेच्या दाबावरचा असेल, तर हौसिंगला भोक पाडून नळी आत न्यावी लागते.

चिखल ओलांडल्यावर डांबरी रस्त्यावर हे कुलूप उघडलेच पाहिजे. नाहीतर गाडी नीट वळत नाही आणि एक्सलवर ताण येतो. चाके केव्हा बांधावी आणि केव्हा मोकळी सोडावी, हे ज्याला कळले तोच खरा चालक.