कराटेचा क्लास लावायचा, पण कोणत्या वयात?

शाळा सुरू होऊन महिना-दीड महिना झाला की सोसायटीच्या नोटीस बोर्डावर, शाळेच्या फाटकाबाहेर आणि पालकांच्या व्हॉट्सअॅप गटांवर जाहिराती फिरू लागतात. कराटे, तायक्वांदो, किक-बॉक्सिंग. 'वय वर्षे तीनपासून पुढे'. पालकांची कारणेही साधारण सारखीच असतात. मुलगा फार दंगा करतो, जरा शिस्त लागेल. मुलगी लाजरी आहे, धीट होईल. शाळेत कुणी मारले तर स्वतःला सांभाळता येईल. निदान तासभर मोबाइल तरी सुटेल. यातले एकही कारण चुकीचे नाही. मग प्रश्न येतो, कितव्या वर्षापासून घालायचे?

याचे उत्तर एका आकड्यात देता येत नाही, कारण या एका प्रश्नात तीन प्रश्न दडलेले आहेत. उड्या, कोलांट्या, तोल सांभाळणे हे केव्हा शिकावे? ठरलेल्या पद्धतीचे तंत्र केव्हा शिकावे? आणि समोरच्याचा फटका अंगावर घ्यायला केव्हा सुरुवात करावी? या तिन्हींची वयं वेगळी आहेत. पहिल्याच्या वयात तिसरे सुरू झाले, की दुखापतीची शक्यता वाढते.

तीन ते सहा : खेळणे हाच सराव

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या शिफारशीनुसार तीन-चार वर्षांच्या मुलांनी दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटे हालचाल करावी आणि त्यातली ६० मिनिटे दमवणारी असावीत. त्यासाठी क्लासच हवा असे नाही. पळापळी, लंगडी, झाडावर चढणे, चेंडू फेकणे यातून तोल आणि डोळा-हाताचा मेळ तयार होतो. या वयात लक्ष काही मिनिटेच टिकते, आणि 'डावा पाय पुढे, उजवा हात कमरेला, मग वळा' अशी तीन पायऱ्यांची सूचना पाळणे अवघड जाते. या वयाचा क्लास लावायचाच असेल, तर तो खेळासारखा दिसला पाहिजे. चार वर्षांच्या मुलाला अर्धा तास रांगेत ताटकळत ठेवणारा आणि दर तीन महिन्यांनी पट्ट्याची परीक्षा घेणारा क्लास त्याच्या वयाचा नाही.

सहा-सात ते दहा : तंत्राचा पाया

साधारण सहाव्या-सातव्या वर्षी चित्र बदलते. मूल सूचना लक्षात ठेवते, आपली पाळी येईपर्यंत थांबते, 'नियम' म्हणजे काय हे त्याला कळते. केरळच्या कलरीपयट्टूत परंपरेने सातव्या वर्षाच्या सुमारास शिक्षण सुरू होते. त्यातला क्रम पाहण्यासारखा आहे. आधी 'मेय्तारी', म्हणजे केवळ शरीर घडवणाऱ्या हालचाली. नंतर लाकडी काठ्या, त्यानंतर धातूची शस्त्रे. आपल्याकडच्या तालमीतही आधी जोर-बैठका आणि मग लढत हाच शिरस्ता. ज्युदोत तर सुरुवातीचा धडा असतो पडण्याचा. डोके वाचवून, हाताने जमिनीवर थाप देत कसे पडायचे, हे आधी शिकवतात. हे कौशल्य सायकलवरून पडतानाही उपयोगी पडते.

शिस्त लागते का? याचा अभ्यास झाला आहे. अमेरिकेत बालवाडी ते पाचवीच्या दोनशेहून अधिक मुलांवर केलेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, शाळेत तीन महिने तायक्वांदो शिकलेल्या मुलांचे स्वतःवरचे नियंत्रण आणि वर्गातले वागणे नेहमीचा शारीरिक शिक्षणाचा तास असलेल्या मुलांपेक्षा अधिक सुधारले. घाईत असलेल्या पालकांनी त्यातली दुसरी नोंद मुद्दाम वाचावी. सर्वाधिक फायदा चौथी-पाचवीच्या मुलांना झाला आणि सर्वांत कमी बालवाडी-पहिलीच्या. म्हणजे सातव्या किंवा नवव्या वर्षी सुरुवात केली म्हणून काही हुकत नाही.

कोणत्या वयात शिकवले याइतकेच काय शिकवले हेही महत्त्वाचे. अमेरिकी संशोधक मायकेल ट्रल्सन यांनी १९८६ मध्ये गुन्हेगारीकडे वळलेल्या किशोरांचा अभ्यास मांडला. ज्यांना आदर, संयम आणि ध्यान यांसह पारंपरिक तायक्वांदो शिकवले, त्यांची आक्रमकता सहा महिन्यांत कमी झाली. ज्यांना केवळ लढण्याचे तंत्र शिकवले, त्यांची वाढली. अभ्यास छोटा होता, पण मुद्दा लक्षात ठेवण्याजोगा आहे. पांढरा पोशाख घातल्याने शिस्त येत नाही, ती शिकवणाऱ्याकडून येते.

अंगावर फटका केव्हा?

इथे मात्र सबुरीच हवी. सहाव्या वर्षापर्यंत मेंदूचा आकार प्रौढांच्या सुमारे ९० टक्के झालेला असतो, पण ते डोके पेलणारी मान अजून बारीक आणि तिचे स्नायू कच्चे असतात. त्यामुळे फटका बसला किंवा मूल आपटले, की डोके जोरात हिंदकळते. जपानमध्ये १९८३ नंतरच्या सुमारे तीन दशकांत शाळांमधल्या ज्युदोत शंभराहून अधिक विद्यार्थ्यांचा मृत्यू झाला. त्यात डोक्याच्या दुखापती हे मोठे कारण होते. पुढे २०२२ मध्ये तिथल्या ज्युदो महासंघाने प्राथमिक शाळेतल्या मुलांची राष्ट्रीय स्पर्धाच बंद केली. जिंकण्याच्या ईर्ष्येपायी मोठी माणसे एवढ्याशा मुलांना वजन घटवायला लावत होती, हे त्यामागचे एक कारण. ज्या देशात ज्युदो जन्मला, त्या देशाने हा निर्णय घेतला.

अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये मार्शल आर्ट्सबद्दल सल्ला दिला. त्यानुसार, मुलाने संपर्कविरहित प्रकारात पुरेसे कौशल्य मिळवल्याशिवाय त्याला लढतीत किंवा स्पर्धेत उतरवू नये. डोक्यावरचे हेल्मेट मेंदूला बसणारा धक्का थांबवते याचा ठोस पुरावा नाही, उलट त्याने खोटी खात्री वाटू शकते. डोक्यावर ठोसे मारण्याची मुभा असलेल्या मिश्र प्रकारांपासून मुलांना दूर ठेवावे, असेही त्यात म्हटले आहे. बॉक्सिंगला तर या संघटनेचा मुलांसाठी विरोधच आहे. तायक्वांदोच्या जागतिक अजिंक्यपदात सर्वांत लहान गट १२ ते १४ वर्षांचा असतो. मग आपल्या आठ वर्षांच्या मुलाला डोक्यावर लाथ खायला उभे करण्याची घाई कशाला?

सरावात डोक्याला मार लागल्यावर मूल गोंधळलेले दिसले, डोके दुखते म्हणाले, उलटी झाली किंवा पेंगू लागले, तर त्याला तातडीने डॉक्टरांकडे न्यावे. मार किरकोळ वाटला तरी त्या दिवशी पुन्हा मॅटवर पाठवू नये.

कौले फोडणे आणि वजन घटवणे

स्नेहसंमेलनात मुठीने कौले फोडणारी मुले टाळ्या घेतात. पण जन्मतः मनगटाची आठही हाडे कूर्चेचीच असतात. ती एकेक करून टणक होत जातात आणि शेवटच्या हाडाची सुरुवातच नऊ ते बारा वर्षांच्या दरम्यान होते. हाडांच्या टोकाशी असलेल्या वाढीच्या पट्ट्या, म्हणजे 'ग्रोथ प्लेट', पौगंडावस्था संपेपर्यंत मऊ असतात. तिथे इजा झाली तर त्या हाडाची वाढ वाकडी होऊ शकते किंवा खुंटू शकते. म्हणून वाढत्या वयात कौले, विटा फोडणे नको. मुठींवरचे दंडही नकोत.

वजनगटासाठी पाणी तोडणे, घाम गाळणे हेही मुलांच्या बाबतीत पूर्ण निषिद्ध. १९९७ मध्ये अमेरिकेत महाविद्यालयीन कुस्तीगीर तिघे जण वजन घटवण्याच्या नादात काही आठवड्यांच्या अंतराने दगावले. ती तर तरुण, धडधाकट मुले होती.

सरावाच्या वेळेसाठी क्रीडावैद्यकाचा एक सोपा हिशेब आहे. मुलाचे वय जितकी वर्षे, त्यापेक्षा जास्त तास आठवड्यात संघटित सराव नको. आठवड्यातून एक-दोन दिवस पूर्ण सुट्टी हवी.

पैसे भरण्याआधी

एक पूर्ण तास बसून क्लास पाहा. पालकांना बसू देत नसतील, तर दुसरा क्लास शोधा. मुलांशी एकांतात व्यवहार होत नाही ना आणि स्पर्श फक्त तंत्र दाखवण्यापुरताच आहे ना, हे बारकाईने बघा. जमिनीवर मॅट आहे की नुसती फरशी? एका शिक्षकामागे किती मुले आहेत? सहा वर्षांच्या मुलासमोर बारा वर्षांचा मुलगा उभा करतात का? चुकले की ओरडतात, मारतात की पुन्हा दाखवतात? प्रथमोपचार कुणाला येतात? पट्ट्याच्या परीक्षा किती वेळा आणि किती शुल्कात, हेही विचारा.

दमा किंवा फिट्सचा त्रास, एकच मूत्रपिंड किंवा एकाच डोळ्याला दृष्टी असेल, तर आधी डॉक्टरांशी बोला. डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांच्या मानेचे वरचे मणके सैल असू शकतात, म्हणून त्यांच्या बाबतीत तपासणी झाल्याशिवाय कोलांट्या आणि पटकणे नको.

शेवटी मुलालाही विचारा. दोन-तीन तास करून पाहिल्यावर ते आपणहून पिशवी भरत असेल, तर वय योग्य आहे. दर वेळी पोट दुखत असेल, तर वर्षभर थांबा. क्लास कुठे जात नाही. तोवर घराबाहेरची लंगडी आणि लपाछपी पुरेशी आहे.