विणकामाचे नमुने : कल्पनेपासून छापील पानापर्यंत

लोकरीचे विणकाम व क्रोशाकाम या कला आपल्याकडे बहुतांशी पाहून आणि विचारून शिकल्या गेल्या. आईने टाके घालून द्यावेत, मुंढ्याशी अडल्यावर शेजारणीने दोन ओळी विणून दाखवाव्यात, अशी ती परंपरा. छापील नमुन्यावरून विणणाऱ्या स्त्रीला मात्र अडल्यावर विचारावयास कोणी नसते. पुस्तिकेतील ओळ सांगेल तेच तिच्या सुया करतात, आणि त्या ओळीत एक आकडा चुकला असेल तर ती चूक जितक्या घरांत पुस्तिका पोहोचली तितक्या घरांत लोकर उसवावयास लावते. महिला मंडळे, बचत गट आणि शाळांतील कार्यानुभवाचे वर्ग यांच्यासाठी अशा पुस्तिका काढण्याचा विचार अधूनमधून पुढे येतो. म्हणून त्यांमागील काम कसे चालते, हे समजून घेणे उपयुक्त ठरेल.

नमुन्यांचा संग्रह नुसता एकत्र बांधला की पुस्तिका होत नाही. त्यास एखादे सूत्र लागते. सूत्र ऋतूचे असेल, सणाचे असेल, एखाद्या प्रदेशाच्या चित्रकलेचे असेल. एलिझाबेथ झिमरमन या इंग्लंडमध्ये जन्मलेल्या व अमेरिकेत स्थायिक झालेल्या विणकाम-शिक्षिकेने १९७४ साली वर्षाच्या बारा महिन्यांचे पंचांगच विणकामातून मांडले. त्यातील जुलै महिन्याची गोल शाल गणिताच्या शिक्षकांनी अवश्य पाहावी. त्रिज्या दुप्पट झाली की परीघही दुप्पट होतो, एवढ्या एका नियमावर ती उभी आहे. मध्यावर ९ टाके घालून वाढविले की १८ होतात. पुढे ३ फेऱ्यांनंतर ३६, मग ६ फेऱ्यांनंतर ७२, १२ फेऱ्यांनंतर १४४ असे टाके दुप्पट करीत जावयाचे आणि मधल्या फेऱ्यांत एकही टाका वाढवावयाचा नाही. त्या मोकळ्या फेऱ्यांत हवी ती जाळी घालता येते. महिना, वस्तू आणि वीण यांचा मेळ असा बसला म्हणजे सूत्र केवळ मुखपृष्ठापुरते राहत नाही.

याच बाईंचा आणखी एक अनुभव संपादकांनी लक्षात ठेवण्याजोगा आहे. गोलाकार सुयांवर शिवणीशिवाय विणण्यासाठी त्यांनी पाठविलेली कृती छापताना बदलण्यात आली आणि मागचा व पुढचा भाग वेगवेगळा विणावयाच्या रूढ पद्धतीत ती बसविण्यात आली. पुढे १९५८ पासून त्यांनी स्वतःचेच पत्रक काढण्यास सुरुवात केली. नमुन्याची भाषा सुधारण्याचा अधिकार संपादकास आहे. रचना बदलण्याचा नाही, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

सूत्रबद्ध नमुन्यांनी एका जिल्ह्यास रोजगार दिल्याचे उदाहरण स्वीडनमध्ये सापडते. १९३० नंतरच्या मंदीत बोहुस्लान या किनारी प्रदेशातील दगडाच्या खाणी थंडावल्या आणि पाथरवटांच्या घरांत चूल पेटणे कठीण झाले. त्या घरांतील स्त्रियांनी तेथील राज्यपालांच्या पत्नी एम्मा याकोबसन यांच्याकडे काम मागितले, देणगी नव्हे. त्यातून १९३९ साली ‘बोहुस स्टिकनिंग’ ही संस्था उभी राहिली. आरंभी साधे मोजे विणले जात. पुढे संस्थेने रचनाकार नेमले, आणि समुद्र, जंगल, रानटी सफरचंद, हंस अशा भोवतालच्या निसर्गावरून स्वेटरांच्या गळ्याभोवतीच्या रंगपट्ट्या तयार झाल्या. सामान्यतः रंगीत विणकामात एका ओळीत दोनच रंग वापरतात व सर्व टाके सुलट असतात. बोहुसच्या रचनाकारांनी एका ओळीत अधिक रंग घेतले आणि मधूनच उलट टाका टाकला. उलट टाक्याची गाठ वर येते आणि खालचा रंग वरच्या रंगात मिसळल्यासारखा भासतो. घरोघर विणणाऱ्या स्त्रियांकडून आलेला माल कसून तपासला जाई. १९६९ मध्ये संस्था बंद झाली. परंतु तीस वर्षे ती चालली, ही गोष्ट लहान नव्हे.

आपल्याकडे सूत्रांची उणीव नाही. पैठणीच्या पदरावरील मोर, कमळ, आसावली या आकृती ताण्याबाण्याच्या चौकटीतच जन्मलेल्या असल्याने त्यांच्या कडा मुळातच पायरीपायरीच्या असतात, आणि म्हणून त्या विणकामात सहज उतरतात. वारली चित्रांतील माणूस दोन त्रिकोण टोकाशी जोडून होतो, तोही टाक्यांत बसतो. मात्र तारप्याभोवतीचा नाचणाऱ्यांचा वळसा बसविणे अवघड. दोन्ही कलांना भौगोलिक निर्देशांकाची नोंद मिळालेली आहे. लोकरीच्या टोपीला ‘पैठणी’ म्हणून विकणे योग्य होणार नाही. आकृती कोठून घेतली हे पानावर स्वच्छ लिहावे, आणि जेथे कलाकार हयात आहे तेथे त्यास विचारावे व मोबदला द्यावा.

आता चित्र टाक्यांत उतरविण्याची अडचण. नवखे रचनाकार येथेच फसतात. शाळेतील आलेख-वहीचा चौकोन लांबीरुंदीला सारखा असतो, पण सुलट टाका उंचीपेक्षा रुंद असतो. ८ नंबरच्या सुयांवर मध्यम जाडीच्या लोकरीचे साधारणपणे १० सेंटिमीटर रुंदीत २२ टाके आणि तितक्याच उंचीत ३० ओळी बसतात. आलेख-वहीवर ६० घरे रुंद व ६० घरे उंच असा डौलदार मोर काढला, तर विणल्यावर तो सुमारे २७ सेंटिमीटर रुंद आणि २० सेंटिमीटर उंच होतो. म्हणजे मोर बुटका आणि लठ्ठ. त्यासाठी टाक्याच्या प्रमाणातच आखलेला कागद घ्यावा लागतो. क्रोशाच्या जाळीकामात ही अडचण पुष्कळ कमी. तेथे एक खांब व दोन साखळ्या मिळून जवळजवळ चौकोनी घर होते, आणि घर भरीव ठेवावयाचे की पोकळ, एवढाच प्रश्न उरतो. ४० घरांच्या रुंदीस १२१ टाके लागतात. शेवटचा एक टाका अखेरचे घर बंद करणाऱ्या खांबाचा, आणि नेमका तोच लिहावयाचा राहतो. प्राथमिक शाळेच्या वर्गासाठी किंवा तोरणासाठी पहिला नमुना द्यावयाचा झाल्यास जाळीचाच द्यावा.

विणीचे माप हा नमुन्याचा पाया होय. ८८ सेंटिमीटर घेराच्या स्वेटरसाठी वरील हिशेबाने १९४ टाके लागतील. परंतु विणणारीचा हात घट्ट असून तिचे १० सेंटिमीटरमध्ये २४ टाके बसत असतील, तर तेवढ्याच टाक्यांत स्वेटर ८१ सेंटिमीटरचा होईल आणि डोक्यातून उतरेल तो अंगावर चढणार नाही. म्हणून प्रत्येक नमुन्याच्या आरंभी आधी लहान चौकोन विणून, धुऊन, वाळवून मोजण्याची सूचना असावी. ‘धुऊन’ हा शब्द बहुधा गाळला जातो.

परिभाषेचा घोटाळा तर विलक्षण आहे. ब्रिटिश नमुन्यातील ‘डबल क्रोशे’ म्हणजे आपला मुका खांब, तर अमेरिकन नमुन्यातील ‘डबल क्रोशे’ म्हणजे आपला पुरा खांब. उंचीत दुपटीचा फरक. सुयांचेही तसेच. आपल्या बाजारात रूढ असलेल्या जुन्या ब्रिटिश क्रमांकांप्रमाणे ८ नंबरची सुई ४ मिलिमीटरची, पण अमेरिकन ८ नंबर ५ मिलिमीटरचा. शिवाय ब्रिटिश पद्धतीत क्रमांक वाढला की सुई बारीक होते आणि अमेरिकन पद्धतीत जाड. परदेशी नमुन्याचे भाषांतर करणाऱ्यांनी सुई नेहमी मिलिमीटरमध्ये द्यावी. आपले साखळी, मुका खांब, खांब, सुलट, उलट हे शब्द नेमके आहेत. त्यांच्या जागी इंग्रजी अक्षरांचे संक्षेप छापण्याची हौस कशासाठी, हे कळत नाही.

लहान-मोठ्या मापांची कोष्टके करताना सर्व आकडे सरसकट वाढवून चालत नाही, कारण छाती रुंदावते त्या प्रमाणात गळा व खांदे रुंदावत नाहीत. कृती लिहून झाल्यावर ती लिहिणाऱ्याखेरीज दुसऱ्या कोणी, शक्यतो मध्यम सराव असलेल्या स्त्रीने, केवळ कागदावरून विणून पाहावी. ती जेथे थांबून विचारते तेथे वाक्य बदलावयाचे. या परीक्षक विणकरणीस लोकरीबरोबर मेहनतानाही दिला पाहिजे. आंध्र प्रदेशातील नरसापूर येथील क्रोशा लेस परदेशी बाजारात जाई, पण दिवसाचे कित्येक तास ती विणणाऱ्या स्त्रिया मात्र ‘घरी बसलेल्या’ समजल्या जात, हे मारिया मीस यांनी १९८२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तपशीलवार मांडले आहे. या लेसलाही २०२४ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला. पुस्तिकेच्या अंदाजपत्रकात कागद, छपाई व छायाचित्रे यांच्यासाठी रक्कम धरली जाते. विणणारीच्या तासांचा रकाना मात्र ग्रामपंचायत किंवा मंडळाच्या सभासदांनी आठवणीने मागून घ्यावा लागतो.

पुस्तिका छापून झाल्यावर ज्यावरून छायाचित्र घेतले तो मूळ नग कोणाला भेट देऊ नये. त्यास लोकरीचा प्रकार, सुईचे माप आणि टाक्यांची संख्या लिहिलेली चिठ्ठी शिवून तो कपाटात ठेवावा. बोहुसचे स्वेटर उडेवाला येथील संग्रहालयात असे जपले गेले, म्हणूनच संस्था बंद झाल्यानंतरही त्यांचे टाके मोजून ते पुन्हा विणता आले.