यान स्टेनचा संसार

घरात पसारा दिसला की डच माणूस म्हणतो, "हा तर यान स्टेनचा संसार!" हा यान सतराव्या शतकातला चित्रकार, लायडन गावच्या बिअरची भट्टी चालवणाऱ्याचा मुलगा. १६६३ च्या त्याच्या एका चित्रात गृहिणी पेंगते आहे आणि कुत्रा मेजावर चढून ताव मारतो आहे! शिवाय हा गृहस्थ स्वतःलाच, हसत, चित्रात आणून बसवी. मग काय, चरित्रकार हाउब्राकेनने ठरवून टाकले : चित्रे तशीच स्वारी!

मला हे मुळीच पटत नाही. रात्रंदिवस झिंगणारा माणूस तीस वर्षांत तीनशेवर चित्रे कशी काढील? डेल्फ्टला त्याने भट्टी चालवून पाहिली, ती १६५७ मध्ये सुटली. १६७२ च्या युद्धात चित्रांना गिऱ्हाईक उरले नाही, तेव्हा त्याने राहत्या घरी गुत्ता उघडला, तो पोटासाठी. १६७९ मध्ये तो वारला.

अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममधले त्याचे 'सेंट निकोलसचा सण' पाहा. धाकटीला बाहुली मिळाली आहे. थोरल्याच्या जोड्यात मात्र छडी निघाली, म्हणून तो रडतो आहे आणि भावंडे हसताहेत. मागे आजी पडदा धरून त्याला हळूच खुणेने बोलावते आहे.