मातीचा जवान आणि त्याचा ठिपक्यांचा गणवेश

शाहूपुरीत, तेही कुंभार गल्लीपासून हाकेच्या अंतरावर, रंगकामावर बोलायचं म्हणजे जरा धाडसच आहे. इथं घराघरांत गणपतीच्या डोळ्यांची आखणी करणारे हात आहेत. त्यांना रंग कसा लावायचा हे आम्ही सांगावं, असं मुळीच नाही. पण आजचा विषय थोडा वेगळा आहे. गणपती झाले की दिवाळीच्या किल्ल्यांसाठी मावळे येतात, आणि मावळ्यांच्या शेजारी हल्ली बंदूकधारी जवानही उभा असतो. शिवाय प्लॅस्टिकची आणि रेझिनची लष्करी मॉडेल्स रंगवणारी हौशी मंडळीही आहेत. मावळ्याचा अंगरखा एका रंगात होतो. जवानाचा गणवेश मात्र ठिपक्यांचा. त्याला कुणी 'कॅमोफ्लाज' म्हणतं, कुणी नुसतं 'मिलिटरी प्रिंट'. तो खरा वाटेल असा कसा रंगवायचा, हे आज आपण टप्प्याटप्प्यानं बघू.

खरा वाटायला का हवा, ते आधी सांगतो. हा जिल्हा सैनिकांचा आहे. शिरोळ तालुक्यातलं सैनिक टाकळी तर गावाच्या नावातच सैनिक घेऊन आहे. अशा घरांतून आमच्याकडे कधी कधी एखादा फोटो येतो आणि 'यावरून एक जवान रंगवून द्या' असं सांगणं येतं. फोटोतला माणूस कधी निवृत्त होऊन शेती बघत असतो, कधी परतच आलेला नसतो. अशा पुतळ्यावर कुठलंतरी अमेरिकन प्रिंट चढवलं, तर बघणाऱ्या दहा जणांना काही कळणार नाही. घरच्यांना मात्र पहिल्या नजरेत कळतं. तो पुतळा मग त्यांचा राहत नाही, दुकानातला होतो.

आधी साल, मग रंग

म्हणून पहिला प्रश्न रंगाचा नाही, सालाचा आहे. हा जवान कधीचा आणि कुठला?

'खाकी' हा शब्द 'खाक' म्हणजे धूळ, माती यावरून आला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला वायव्य सरहद्दीवरच्या गाइड्स पथकानं हा धुळीचा रंग अंगावर घेतला आणि पुढे तो जगभर गेला. दुसऱ्या महायुद्धात मराठा रेजिमेंटच्या यशवंत घाडगे यांना इटलीतल्या जुलै १९४४ च्या लढाईसाठी, तर नामदेव जाधव यांना एप्रिल १९४५ च्या लढाईसाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्या काळातला आपला जवान करायचा तर उन्हाळ्यात खाकी सुती कपडे, थंडीत जाड लोकरी बॅटल ड्रेस. ब्रह्मदेशच्या आघाडीवरचा असेल तर जंगल ग्रीन. १९७१ च्या युद्धातला पायदळाचा बहुतेक जवान साध्या ऑलिव्ह ग्रीनमध्ये दिसतो. त्याच्यावर ठिपके काढायचेच नाहीत. हे ऐकून बरेच जण हिरमुसतात, कारण ठिपके काढायची हौस असते. पण आजोबा एकाहत्तरचे असतील तर त्यांना एकाहत्तरचाच कपडा घालायचा.

अलीकडचा जवान असेल तर आणखी एक तारीख लक्षात ठेवा, १५ जानेवारी २०२२. त्या दिवशी, सेना दिनाला, भारतीय सैन्यानं नवा लढाऊ गणवेश लोकांसमोर आणला. राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्था, म्हणजे 'निफ्ट', तिच्याबरोबर तो तयार केला. याची नक्षी डिजिटल, म्हणजे बारीक चौकोनी ठिपक्यांची. रंग ऑलिव्ह आणि मातीच्या छटांचे. याचा शर्ट पँटमध्ये खोचत नाहीत. म्हणजे नुसतं रंगकाम बदलून भागत नाही. साच्यातल्या पुतळ्याचा शर्ट खोचलेला असेल, तर तो या नव्या गणवेशातला जवान होऊच शकत नाही.

ठिपके कशासाठी?

नक्षीचं काम समजलं की ती काढणं सोपं जातं. समज असा असतो की जवान झाडाच्या रंगाचा झाला की लपतो. अर्धंच खरं आहे. एका रंगाचा माणूस झाडीत उभा राहिला तरी त्याची बाह्यरेषा दिसते, म्हणजे डोकं, खांदे, दोन पाय. आपला डोळा ती रेषा लगेच ओळखतो. गडद आणि फिके डाग ती रेषा मधेच तोडतात. एक डाग मागच्या सावलीला मिळतो, दुसरा पुढच्या पानाला, आणि माणूस म्हणून एकसंध आकार डोळ्याला सापडत नाही.

पहिल्या महायुद्धात, १९१५ मध्ये, फ्रेंच सैन्यानं यासाठी खास विभाग काढला आणि त्यात चित्रकार घेतले. छाया-प्रकाश दाखवून सपाट कागदावर आकार उभा करणं चित्रकाराला येतं, तेव्हा उभा आकार सपाट करणंही त्यालाच जमणार. पुढे १९२९ मध्ये इटलीनं तंबूसाठी छापील नक्षीचं कापड काढलं, आणि नक्षी हातानं रंगवण्याऐवजी कापडावर छापली जाऊ लागली.

यातून आपल्याला दोन गोष्टी मिळतात. एक, डाग सारख्या आकाराचे आणि सारख्या अंतरावर नसतात. तसे काढले की जवान झाडीत नाही, बिबट्याच्या वेषात उभा वाटतो. दोन, डाग कडेवर येऊन तुटले पाहिजेत. खांद्याच्या, दंडाच्या कडेपर्यंत डाग जाऊ द्या. सगळे छातीच्या मधोमध गोळा करू नका.

मोजमाप

आता जरा गणित. हौशी मॉडेलमध्ये १/३५ हे प्रमाण फार चालतं. पावणेसहा फुटी माणूस त्यात साधारण पाच सेंटीमीटरचा होतो. किल्ल्यावरचा पाच इंची मातीचा जवान धरला, तर प्रमाण साधारण १/१४ येतं. खऱ्या कपड्यावर हाताच्या पंजाएवढा, म्हणजे पंधरा सेंटीमीटरचा डाग असेल, तर तो १/३५ मध्ये चार मिलिमीटरचा आणि मातीच्या जवानावर साधारण अकरा मिलिमीटरचा झाला. बहुतेक जण याच्या दुप्पट मोठा काढतात.

डिजिटल नक्षीचं काय? १/३५ चा पुतळा आपण एका फुटावरून, म्हणजे तीस सेंटीमीटरवरून बघतो. तीसला पस्तीसनं गुणा. खरा माणूस साडेदहा मीटरवरून बघितल्यासारखं झालं. एवढ्या अंतरावरून तीन मिलिमीटरपेक्षा लहान ठिपका निरोगी डोळ्यालाही सुटा दिसत नाही. मग तो पुतळ्यावर सुटा का काढायचा? चौकोन मोजत बसू नका. डागांचा मोठा आकार आधी लावा, मग त्याच्या कडेला ब्रशच्या टोकानं थोडे ठिपके टेकवा. कड फाटल्यासारखी दिसली की डोळा बाकीचं स्वतःच भरून घेतो. ही नक्षी सैन्यानं २०२२ मध्येच स्वतःच्या नावावर नोंदवूनही घेतली आहे. म्हणून तिची छपाईची पट्टी करून चिकटवण्यापेक्षा हातानं सुचवणं सगळ्याच दृष्टीनं बरं.

शिवण विसरू नका

ही एकच गोष्ट घरी नेलीत तरी आजचं येणं वसूल झालं. नक्षी आधी कापडावर छापतात. कापड नंतर कापतात आणि मग शिवतात. त्यामुळं बाहीवरचा डाग खांद्याच्या शिवणीशी थांबतो, छातीवर वेगळाच सुरू होतो. खिशाचं झाकण, कॉलर, हेल्मेटवरचं कव्हर, प्रत्येक तुकड्याची नक्षी स्वतंत्र. पुतळ्यावर डाग बाहीवरून छातीवर सलग वाहत गेला की कपडा शिवलेला न वाटता अंगावर ओतलेला वाटतो. म्हणून एक-एक तुकडा वेगळा रंगवा. उजवी बाही, डावी बाही, पाठ, खिसे.

रंग आणि क्रम

पुतळ्याची साच्याची रेघ आधी पॉलिश पेपरनं घालवा. माती आणि प्लॅस्टर पाणी पितात, म्हणून प्रायमरचा एक पातळ हात द्या. नाहीतर पहिला रंग आत शोषला जातो आणि दुसरा वर राहतो. प्लॅस्टिक असेल तर साबणाच्या पाण्यानं धुऊन वाळवा.

ऑलिव्ह ग्रीनसाठी हिरव्या बाटलीकडे हात नेऊ नका. पिवळ्यात थोडा थोडा काळा घाला, ऑलिव्ह समोर येतो. गेरूकडे झुकणारा यलो ऑकर वापरला तर आणखी मातकट येतो. खाकीसाठी यलो ऑकर, पांढरा आणि कणभर तपकिरी. नक्षीतल्या काळ्यासाठी शुद्ध काळा नको. त्यात तपकिरी मिसळा. सगळे रंग खऱ्या कपड्यापेक्षा एक पायरी फिके ठेवा, कारण लहान वस्तूवर रंग जास्त गडद दिसतो.

क्रम फिक्याकडून गडदाकडे. सगळ्यात फिका रंग पूर्ण अंगावर, मग हिरवा, मग तपकिरी, शेवटी सगळ्यात गडद आणि सगळ्यात कमी. वाळल्यावर पाण्यासारखा पातळ तपकिरी रंग फक्त चुण्यांत सोडा. गुडघे, कोपरे, खांदे यांवर फिक्या रंगाचा कोरडा ब्रश अलगद फिरवा. वर चकाकी नसलेलं मॅट वॉर्निश. गणपतीला चमक शोभते, सुती कपड्याला नाही.

आता यातली खरी अडचण. गणवेश माणूस लपवायला केलेला, आणि आपल्याला पुतळा दिसायला हवा! डोळे किलकिले करून बघा. हात धडापासून सुटा दिसत नसेल तर नक्षी बदलू नका. बगलेत, पट्ट्याखाली, खिशाच्या कडेला एक बारीक गडद रेघ द्या. चेहरा, हात, पट्टा, बूट स्वच्छ ठेवा. नक्षी तशीच राहते आणि माणूसही दिसतो.

शेवटी धूळ. बुटांवर आणि पोटऱ्यांवर कोणती माती लावायची? गगनबावडा-राधानगरीकडं लाल, शिरोळकडं काळी. जवान जिथं उभा आहे, तिथली लावा. किल्ल्याची मातीच चाळून कोरडी चोळली तर उत्तम.

एक प्रश्न

श्रोत्यांतून एका ताईंनी विचारलं, 'घरी फोटो आहे, पण काळा-पांढरा. मग रंग कसा ठरवायचा?' ताई, काळ्या-पांढऱ्या फोटोतून रंग कळत नाही, पण बाकी बरंच कळतं. नक्षी आहे की साधा कपडा, शर्ट खोचलेला की बाहेर, बाह्या दुमडलेल्या की खाली, पट्टा कापडी की चामडी. त्यावर फोटोचं साल आणि ठिकाण घाला, रंगांचे पर्याय एक-दोनच उरतात. शेवटचा निर्णय घरातल्या ज्यानं तो कपडा धुतला, वाळत घातला, त्याला विचारून घ्या. आमच्या रंगांच्या तक्त्यापेक्षा त्या माणसाची आठवण जास्त भरवशाची असते. रंगाच्या तीन छटा कागदावर लावून त्यांच्यापुढं ठेवा. बोट कुठं जातं ते बघा, आणि तोच रंग घ्या.

इथंच थांबतो. ब्रश आणि काही अर्धवट रंगवलेले जवान मागच्या टेबलावर ठेवले आहेत. हातात घेऊन बघा, शिवणी तपासा.