गतिज ऊर्जा
गतीमुळे वस्तूच्या अंगी येणारी कार्य करण्याची क्षमता म्हणजे गतिज ऊर्जा होय. वाहते पाणी जनित्राचे चक्र फिरविते, हातोडा खिळा लाकडात घुसवितो, ही या ऊर्जेचीच उदाहरणे आहेत. वस्तू विराम स्थितीतून विशिष्ट वेगापर्यंत आणण्यासाठी जेवढे कार्य करावे लागते, तेवढीच तिची गतिज ऊर्जा असते आणि वस्तू थांबविताना तेवढीच ऊर्जा तिच्यातून काढून घ्यावी लागते.

द्र हे द्रव्यमान असलेल्या, विराम स्थितीतील वस्तूला स्थिर प्रेरणेमुळे प्र एवढा प्रवेग (वेगात होणाऱ्या बदलाचे कालमान) मिळाला आणि अं एवढ्या अंतरानंतर तिचा वेग वे झाला, तर वे² = २ × प्र × अं हे समीकरण मिळते. प्रेरणा द्र × प्र इतकी असल्यामुळे केलेले कार्य द्र × प्र × अं, म्हणजेच ½ × द्र × वे² इतके येते. द्रव्यमान किग्रॅ.मध्ये व वेग मी. प्रतिसेकंदात घेतल्यास ऊर्जा जूलमध्ये मिळते.

ताशी ३६ किमी. वेगाने (१० मी. प्रतिसेकंद) जाणाऱ्या १,००० किग्रॅ. द्रव्यमानाच्या मोटारगाडीची गतिज ऊर्जा ½ × १,००० × १०² = ५०,००० जूल असते. वेग दुप्पट, म्हणजे ताशी ७२ किमी. झाल्यास ती २,००,००० जूल, म्हणजे चौपट होते. गतिरोधकांमुळे ५,००० न्यूटन इतकी स्थिर प्रेरणा लागू होत असेल, तर पहिल्या वेगाने जाणारी गाडी १० मी. अंतरात थांबेल, तर दुसऱ्या वेगाने जाणारीस ४० मी. लागतील. चालकास धोका जाणवून गतिरोधक लागू होईपर्यंत काटलेले अंतर यात धरलेले नाही. ताशी ७२ किमी. हा वेग सुमारे २० मी. उंचीवरून मुक्तपणे पडणाऱ्या वस्तूस जमिनीवर आदळताना प्राप्त होणाऱ्या वेगाइतका आहे. वेगमर्यादेचे महत्त्व यावरून ध्यानात येते.

वेगाच्या वर्गाचे महत्त्व लायप्निट्स या जर्मन तत्त्ववेत्त्यांनी १६८६ मध्ये प्रतिपादन केले. द्रव्यमान व वेगवर्ग यांच्या गुणाकारास त्यांच्या संप्रदायात ‘सजीव प्रेरणा’ म्हणत. देकार्त यांचे अनुयायी मात्र द्रव्यमान व वेग यांचा गुणाकार हेच गतीचे खरे माप मानीत. डच शास्त्रज्ञ स ग्राव्हेसांडे यांनी मऊ मातीवर पितळी गोळे टाकून प्रयोग केले; त्यांत पडणारा खळगा वेगाच्या नव्हे, तर वेगवर्गाच्या प्रमाणात वाढतो, असे आढळले. फ्रेंच विदुषी एमिली द्यू शातले यांनी १७४० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या मताचा पुरस्कार केला. पुढे दोन्ही मापे आपापल्या जागी योग्य असल्याचे स्पष्ट झाले : प्रेरणा किती काळ लागू होते याचा संबंध संवेगाशी, तर ती किती अंतरभर लागू होते याचा संबंध गतिज ऊर्जेशी असतो. १८२९ मध्ये कोरिऑलिस यांनी सूत्रात ½ हा गुणक घातला व त्यामुळे कार्य आणि ऊर्जा यांचे मान एकच झाले.

अक्षाभोवती फिरणाऱ्या वस्तूची गतिज ऊर्जा निरूढी परिबल व कोनीय वेगाचा वर्ग यांच्या गुणाकाराच्या निम्मी असते. न घसरता घरंगळणाऱ्या भरीव गोलाच्या एकूण गतिज ऊर्जेपैकी २/७ भाग अशा परिभ्रमणाचा असतो. वेग सापेक्ष असल्याने गतिज ऊर्जाही निरीक्षकावर अवलंबून असते. धावत्या आगगाडीत बसलेल्या प्रवाशाची ऊर्जा सहप्रवाशाच्या दृष्टीने शून्य, तर फलाटावरील माणसाच्या दृष्टीने मोठी असते. प्रकाशवेगाशी तुलनीय वेगांना मात्र वरील सूत्र लागू पडत नाही. प्रकाशवेगाच्या ०·६ पट वेगाला सापेक्षता सिद्धांतानुसार येणारी गतिज ऊर्जा या सूत्राने मिळणाऱ्या मूल्याच्या जवळजवळ १·४ पट असते.

वस्तू थांबली म्हणजे तिची गतिज ऊर्जा नष्ट होत नाही. सामान्य गतिरोधकांत घर्षणामुळे तिचे उष्णतेत रूपांतर होते, तर मुंबईच्या उपनगरी विद्युत् गाड्यांतील पुनर्जननी गतिरोधनात चलित्रच जनित्राप्रमाणे कार्य करते व तिचा काही भाग विजेच्या रूपाने तारेकडे परत जातो.