एक बादली पाणी आणि दहा मिनिटे

गेल्या महिन्यात एक निवृत्त मुख्याध्यापिका माझ्या दवाखान्यात आल्या. वय ६८, मधुमेह आटोक्यात, प्रकृती काटक. नेपाळमधील एका डोंगराळ गावातल्या शाळेत तीन महिने विनामोबदला शिकवण्यासाठी त्या निघाल्या होत्या. औषधे, लसी, विमा यांविषयी सविस्तर बोलणे झाले. उठता उठता त्या थबकल्या आणि संकोचाने म्हणाल्या, "डॉक्टर, तिथे तीन महिने केसांना कलप लावला नाही, तर फार वाईट दिसेल का हो?"

सोबत आलेला मुलगा हसला. "आई, तिकडे तुला कोण बघणार आहे?"

मला हसू आले नाही. हेच वाक्य मीही एकदा स्वतःशी म्हटले होते.

२५ एप्रिल २०१५ च्या भूकंपाने नेपाळच्या सिंधुपाल्चोक जिल्ह्यात हाहाकार माजवला. त्यानंतर काही आठवड्यांनी एका वैद्यकीय पथकासोबत मी तिथे गेलो. तंबूत मुक्काम आणि माणशी रोज एक बादली पाणी. चार-पाच दिवसांतच मी दाढी करणे सोडले, नखे वाढली, एकच सदरा दोन-दोन दिवस अंगावर राहू लागला. एके सकाळी पत्र्याच्या निवाऱ्यातून एक आजी तपासणीसाठी आल्या. त्यांचे घर कोसळले होते. तरीही केस तेल लावून चापूनचोपून विंचरलेले, वेणीत लाल धागा गुंफलेला, हातपाय स्वच्छ धुतलेले. डॉक्टरांसमोर जायचे म्हणून त्या नीटनेटक्या होऊन आल्या होत्या आणि डॉक्टर मात्र पारोसा बसला होता. मला मनस्वी लाज वाटली.

हा प्रश्न केवळ शोभेचा नसतो, हे त्याच आठवड्यात कळले. आमच्या पथकातील एका ज्येष्ठ सहकाऱ्यांना अनेक वर्षांचा मधुमेह होता. प्रवासासाठी त्यांनी मुद्दाम नवे बूट घेतले होते. एका संध्याकाळी त्यांच्या मोज्यावर ओला डाग दिसला. टाचेवरचा फोड फुटून जखम झाली होती आणि त्यांना काहीच दुखले नव्हते. मधुमेहात पायांच्या संवेदना बोथट होतात, त्या अशा. दोन दिवस पाय पाहायचे राहिले, एवढीच चूक. जखम वेळेत दिसली म्हणून पाय वाचला. पुढचे सारे दिवस त्यांनी खुर्चीवर बसून नोंदणीचे काम केले.

तेव्हापासून परदेशी सेवाकार्याला निघालेल्या प्रत्येक ज्येष्ठाला मी सांगतो : शृंगार हवा तेवढा कमी करा, निगा मात्र कमी करू नका. त्यासाठी एक बादली पाणी आणि रोजची दहा मिनिटे पुरतात.

पाय : रोज रात्री धुऊन बोटांच्या बेचक्यांसह कोरडे करावेत. हातआरशात तळवे पाहावेत. भेगांना व्हॅसलिन लावावे, बेचक्यांत लावू नये. नखे सरळ कापावीत, कोपरे खोल कोरू नयेत. बूट महिनाभर आधीपासून वापरून पायाला रुळलेले असावेत. अनवाणी फिरू नये.

त्वचा : उतारवयात त्वचा कोरडी होते आणि थंड हवेत अधिकच खाजते. रोज सर्वांगाला साबण लावण्याची गरज नाही. काखा, जांघा आणि पाय पुरेत. अंग ओलसर असतानाच तेल लावावे. खोबरेल थंडीत गोठते, म्हणून तीळतेल किंवा साधे मलम सोबत घ्यावे. उंचीवर ऊन अधिक प्रखर असते, तेव्हा रुंद काठाची टोपी विसरू नये.

दाढी आणि नखे : रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास वस्तऱ्याऐवजी बॅटरीवर चालणारे ट्रिमर वापरावे. न्हाव्याकडे गेलात तर नवे पाते आपल्यासमोर लावून घ्यावे, कारण वापरलेल्या पात्यातून काविळीचे काही विषाणू पसरू शकतात. हातांची नखे आखूड ठेवावीत आणि घट्ट अंगठ्या घरीच ठेवाव्यात.

तोंड : चूळ भरण्यासाठी आणि कवळी धुण्यासाठी उकळलेले, मग निववलेले पाणी घ्यावे. कवळी रात्री काढून पाण्यात ठेवावी. गरम पाण्यात ठेवल्यास तिचा आकार बिघडतो.

कपडे : लवकर वाळणारे सुती मिश्र कापडाचे तीन जोड पुरतात. अंगभर आणि सैल पोशाख कामाला सोयीचा असतो. खेड्यात तो शिष्टसंमतही ठरतो.

कलपाविषयी सांगायचे, तर कित्येक कलपांतील रसायनांमुळे काहींना तीव्र अॅलर्जी होते. घरी हे निभावते. दवाखाना काही तासांच्या अंतरावर असलेल्या गावात नवीन कलप लावून पाहणे शहाणपणाचे नाही. निघण्यापूर्वी केस आखूड कापून घ्यावेत आणि नैसर्गिक रंग वाढू द्यावा.

घरच्या मंडळींना एक विनंती. निघण्यापूर्वी आठ दिवस घरीच रंगीत तालीम करावी : एक बादली, एक छोटी पिशवी, तीन जोड कपडे. जे अडते ते इथेच लक्षात येते. ज्यांना वाकून नखे कापता येत नाहीत, त्यांची नखे आपण कापून द्यावीत आणि तिथे हे काम कोण करील, तेही आधीच विचारून ठेवावे. रोज फोनवर "जेवलीस का?" विचारतो, तसेच "पाय पाहिलेस का?" हेही विचारावे.

परवा त्या मुख्याध्यापिका निरोप घ्यायला आल्या. केस मानेपर्यंत कापलेले, मुळाशी रुपेरी झाक. छान दिसत होत्या आणि तसे मी म्हटलेही. मुलाने पिशवीतून एक लहानसा आरसा काढून दाखवला.

"चेहऱ्यासाठी नाही डॉक्टर," तो म्हणाला, "आईच्या तळपायांसाठी."